मंत्रचळ : आजार आणि उपचार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात नाशिक येथे दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, व्यापार, वधूवरसंशोधन इत्यादी विषयांवर आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. आज ज्या विषयावर बोलण्याची आज्ञा चालकांनी मला केली आहे, तो मात्र आपण मागल्या दारी, दबक्या आवाजात बोलतो. तो विषय म्हणजे मनाचे आजार. आणि त्यांतही विशेषेकरून ज्यास आपली मायबोली ‘मंत्रचळ’ म्हणते व आजचे डॉक्टर ‘ओसीडी’ म्हणतात, तो आजार.

हा शब्द मोठा बोलका आहे. मंत्र म्हणताना चूक झाली असे वाटावे, म्हणून तो पुन्हा म्हणावा, पुन्हा चुकल्याची शंका यावी, आणि असे करता करता मन चळावे, असे चित्र त्यात आहे. तेव्हा हा आजार कालपरवाच परदेशातून आला, असे समजण्याचे कारण नाही. तो आपल्या पणजीच्या काळीही होता. फरक इतकाच की, तेव्हा त्यावर खात्रीचा इलाज ठाऊक नव्हता. आज तो आहे. शंभर माणसांत एकदोघांना तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा हा आजार गाठतो. या मंडपातील संख्या पाहता तो आपल्या घरांत नाही, असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

त्याची रूपे अनेक. एखादी गृहिणी हात धुऊन धुऊन कातडी सोलवटून घेते. एखादा दुकानदार कुलूप ओढून पाहण्यासाठी अर्ध्या वाटेवरून चारदा परततो. एखादा विद्यार्थी एकच ओळ वीस वेळा वाचतो आणि उत्तरपत्रिका अर्धी राहते. एखाद्या भाविकास देवापुढे हात जोडताच नको नको ते अभद्र विचार येतात, आणि तो स्वतःस महापापी समजू लागतो. एखाद्या बाळंतिणीस आपल्याच हातून तान्ह्यास इजा होईल अशी भीती वाटते, म्हणून ती विळी-सुरी दृष्टीआड ठेवते. या शेवटच्या दोघांविषयी मुद्दाम सांगतो. असे विचार त्यांना छळतात, ते त्यांना हवेसे नसतात. ज्या गोष्टीची मनास अत्यंत किळस, तीच हा आजार पुढे उभी करतो. म्हणून त्यांना पापी वा धोकादायक समजणे हा घोर अन्याय होय.

येथे कोणी विचारील की, स्वच्छता आणि सोवळेओवळे हा आजार कसा? प्रश्न रास्त आहे. रामकुंडावर दूरदूरचे यात्रेकरू येतात, बुडी मारतात आणि तृप्त मनाने माघारी जातात. त्यांच्या स्नानास शेवट आहे आणि शेवटी समाधान आहे. मंत्रचळ्या माणसाच्या स्नानास शेवट नाही. आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा. भांडे लख्ख व्हावे म्हणून घासतात. परंतु लख्ख झाल्यावरही कोणी घासतच बसला, तर कल्हई जाते आणि पत्रा झिजतो. जे कृत्य रोज तास-तासभर वेळ खाते, जे केल्यावाचून जीव कासावीस होतो आणि ज्यापायी संसार व धंदा अडतो, ते कृत्य आचार नव्हे, आजार होय.

आता त्याचे मर्म पाहू. मनात वेडेवाकडे विचार सर्वांनाच येतात आणि जातात. या आजारात मात्र आलेला विचार खऱ्या संकटासारखा भासतो आणि जिवाची तगमग होते. हात धुतले, कुलूप पाहिले, कोणास विचारून खात्री केली, की घटकाभर बरे वाटते. आणि हीच खरी मेख आहे. ही सुटका सावकाराच्या व्याजासारखी आहे. व्याज भरल्याने आजचा दिवस निभावतो, पण मुद्दल फिटत नाही. सावकार उद्या अधिकच हक्काने दारात उभा राहतो. ‘धुतले म्हणूनच वाचलो’ असा धडा मन गिरवते, आणि न धुताही वाचलो असतो हे त्यास कधी कळतच नाही.

ही गाठ सोडविण्याचे श्रेय मोठ्या अंशी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातील व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञास जाते. 1966 साली त्यांनी दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीस अस्वच्छतेची भीती, दुसरीस देवधर्माविषयीचे अभद्र विचार. ज्याची धास्ती, त्यास सामोरे जावयाचे. आणि नंतर धुणे-पुसणे वा इतर विधी करावयाचा नाही, अशी त्यांची रीत होती. 1974 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 15 रुग्णांचा वृत्तांत दिला. त्यांपैकी 10 जण अगदी बरे वा पुष्कळ सुधारलेले होते. त्यापूर्वी हा आजार जवळजवळ असाध्य मानला जात असे. तीच रीत सुधारून आज जगभर वापरली जाते.

प्रत्यक्षात हे कसे चालते? प्रथम रुग्ण आणि तज्ज्ञ मिळून भीतीची पायरी-पायरीने यादी करतात. नाणी हाताळणे ही खालची पायरी. बसच्या दांडीस हात लावणे त्याच्या वरची. चपलेस हात लावून तसेच जेवावयास बसणे कदाचित अगदी वरची. प्रारंभ खालून होतो. नाण्यास हात लावावा आणि हात न धुता बसून राहावे. तगमग वाढते, शिगेस जाते, आणि काही वेळाने आपोआप ओसरते. कित्येकदा ती लवकर ओसरत नाही. तरीही धास्ती वाटली ते संकट आले नाही आणि ही तगमग सोसता येते, एवढे मन अनुभवाने शिकते. हे प्रवचनाने साधत नाही. साधारणतः बारा ते वीस बैठकी आणि त्यांच्या जोडीने घरचा नेमाने केलेला सराव, असा हा क्रम असतो. एक गोष्ट ध्यानात ठेवावी : प्रत्येक पायरी रुग्णाच्या संमतीनेच चढावयाची असते. घरच्यांनी आपल्याच मनाने नळ बंद करणे हा उपचार नव्हे, तो छळ आहे.

काहींना औषधांचीही गरज पडते. फ्लुऑक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन, सर्ट्रालिन, क्लोमिप्रामिन ही औषधे या आजारावर उपयोगी ठरली आहेत. त्यांचा गुण पूर्ण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. म्हणून पंधरा दिवसांत निराश होऊ नये. त्यांचे व्यसन लागत नाही. तथापि डॉक्टरांस न विचारता ती एकाएकी बंदही करू नयेत.

नुसत्या चिंतेच्या आजारालाही हेच तत्त्व लागू पडते. छाती धडधडते, श्वास कोंडतो, आता प्राण जातो असे वाटते. हृदयाची तपासणी होते आणि ती निर्दोष निघते. मग माणूस बाजार टाळतो, प्रवास टाळतो, आणि टाळल्याने भीती पोसली जाते. तेथेही हळूहळू सामोरे जाणे आणि ‘काही वाईट होईलच’ या गृहीतास प्रश्न विचारणे हाच मार्ग आहे. अमेरिकेतील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मुंबईच्या के. एम. फडके यांनी आपल्याकडे रुजविली. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापिलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने हे ज्ञान मराठीत घरोघर पोहोचविण्याचा उद्योग चालविला आहे.

आता मुख्य मुद्दा, आणि तो रुग्णाविषयी नसून आपणाविषयी आहे. घरात हा आजार शिरला की प्रेमापोटी सारे घर त्याच्या चाकरीस लागते. “अहो, कुलूप नीट लागलंय ना?” असे पत्नीने दहादा विचारावे आणि पतीने दहादा “लागलंय गं” म्हणावे. सासूबाईंच्या समाधानासाठी सुनेने धुतलेले लुगडे पुन्हा धुवावे. हे सारे मायेने होते. परंतु त्याने व्याजाचा हप्ता आपणच भरीत असतो. उलटपक्षी, “नाटकं पुरे कर” म्हणून खेकसणे हेही तितकेच निरुपयोगी. उत्तम मार्ग असा की, तज्ज्ञाच्या सल्ल्याने व रुग्णाशी आधी बोलून एक उत्तर ठरवावे : “हे तू विचारत नाहीस, आजार विचारतोय. मी उत्तर देणार नाही, पण तुझ्यापाशी बसतो.” यात कठोरपणा आजाराशी आहे, माया माणसाशी.

पुष्कळजण प्रथम त्र्यंबकेश्वरी शांती करून घेतात. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्याविषयी मी अवाक्षर काढणार नाही. इतकेच सांगतो की, शांतीसाठी उपचार थांबवू नयेत, आणि एक शांती झाल्यावर पुन्हा दुसरी, मग तिसरी, अशी ओढ लागली तर तीही आजाराचीच नवी खोडी समजावी.

दुसरी अडचण लग्नाची. ‘स्थळ हातचे जाईल’ या भीतीने मुलामुलींचे आजार दडविले जातात. उपचारांची उमेदीची वर्षे वाया जातात. आणि लग्नानंतर गोळ्या चोरून घ्याव्या लागतात, वा सोडून द्याव्या लागतात. फसवणूक दोन्ही घरांची होते. मधुमेह असलेला जावई आपण स्वीकारतो; मग उपचार घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीस नाकारण्याचे कारण काय?

कायदाही आता आपल्या बाजूस आहे. 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून अमलात आला. त्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आणि वैद्यकीय विम्यात मानसिक आजारांस शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान दिले. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते, आणि तेथे मराठीत बोलता येते. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा काढील, तर मात्र मुहूर्त न पाहता त्याच दिवशी त्यास रुग्णालयात न्यावे.

तेव्हा माझी विनंती दोन गोष्टींची आहे. आपल्या ज्ञातीच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून जसे मोतीबिंदूस वा हृदयविकारास साहाय्य मिळते, तसे मनाच्या उपचारांसही मिळावे, आणि अर्जदाराचे नाव अहवालात छापू नये. दुसरी गोष्ट प्रत्येकाने आपल्या घरी करावयाची. आपल्या माणसाचे हात सोलवटलेले दिसले, तर हसू नये, रागावू नये. जवळ बसून विचारावे आणि त्यास तज्ज्ञाकडे घेऊन जावे.