दोन काड्या

(सन १९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)

मंचावर बसलेले आपले सर आणि बाई, आणि समोर बसलेल्या, ओळखू न येण्याइतक्या बदललेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी सांगितलं, "तू मोबाइलवर संशोधन करतेस ना, त्यावर दहा मिनिटं बोल. पण समजेल असं बोल." ही दुसरी अट अवघड आहे. सकाळपासून तिघांनी आपले फोन माझ्या हातात दिले आणि विचारलं, "बघ गं, हा सारखा हँग का होतो?" त्यातलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते.

माझं काम एवढंच : फोनचा आवाज टॉवरपर्यंत कसा पोचेल ते पाहायचं. टॉवरचा फोनपर्यंत नव्हे, फोनचा टॉवरपर्यंत. या कामाकडे मी कशी वळले, तेच सांगते.

२०१६ चा जुलै. आमचं गाव गगनबावड्याच्या बाजूला, तिथला पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. रात्री अकराच्या सुमारास आबांचं तोंड वाकडं झालं आणि डावा हात उचलेना. आईच्या हातात मीच दिलेला नवा फोन होता, त्यावर रेंजच्या दोन काड्या दिसत होत्या. ती फोन लावत राहिली, लागेना. शेवटी शेजारच्या काकांनी आबांजवळ बसायचं कबूल केलं आणि आई इरलं घेऊन, अंधारात, देवळाच्या माळावर चढली. तिथून पहिल्याच खेपेला फोन लागला. गाडी आली, पण मधे पाऊण तास गेला होता. आबा वाचले. डावा हात मात्र शेवटपर्यंत साथ देईना.

आईने नंतर मला विचारलं, "तू एवढी शिकलीस, मग काड्या होत्या तरी फोन का लागला नाही?"

उत्तर मला माहीत होतं, आणि त्याचीच लाज वाटली. काड्या दाखवतात ते टॉवरचा आवाज फोनला किती ऐकू येतो ते. फोनचा आवाज टॉवरला ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. टॉवरचं यंत्र वीस-चाळीस वॉटने बोलतं. आपल्या हातातला फोन फार तर दोनशे मिलीवॉटने, म्हणजे एका वॉटच्या पाचव्या हिश्शाने. टॉवरचे कान तिखट असतात, त्यामुळे बरीच तूट भरून निघते, पण सगळी नाही. त्या रात्री नेमकं हेच झालं होतं हे मी सिद्ध करू शकत नाही. पण लक्षणं तीच होती.

तोवर मी शहरातल्या गर्दीत वेग कसा वाढेल यावर काम करत होते. त्यानंतर विषय बदलला. वरिष्ठांना तो फारसा आवडला नाही, कारण त्यात चमकदार आकडे नसतात.

आता थोडं विज्ञान. बाई, चुकलं तर थांबवा. मंडपातला कर्णा आठवा. आवाज वाढवत नेला की एका मर्यादेनंतर तो फाटतो. फोनमधल्या ॲम्प्लिफायरचंही तसंच आहे. हल्लीच्या लहरींना मधेच उंच शेंडे येतात. ते फाटू नयेत म्हणून ॲम्प्लिफायर मुद्दाम हळू चालवावा लागतो, म्हणजे आधीच कमी असलेली ताकदही पूर्ण वापरता येत नाही. उपाय असा, की लहरीचा आकारच बदलायचा, शेंडे जवळजवळ काढून टाकायचे. मग ॲम्प्लिफायर पूर्ण जोराने चालवता येतो. त्याची किंमत म्हणजे वेग कमी. आपले पीटीचे सर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून "साऽवधान" म्हणायचे ते कसं सगळ्यांना ऐकू यायचं? आम्ही पोरं भराभर ओरडायचो, त्यातलं त्यांच्यापर्यंत काही पोचायचं नाही. (किंवा ते तसं दाखवायचे.)

याच सुमारास फाइव्ह-जीचे नियम ठरत होते. ग्रामीण भागाच्या चाचणीत दोन टॉवरमधलं अंतर १७३२ मीटर धरलं जाई. आपल्याकडे हे परवडणारं नाही. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर येईल, तिथे एक टॉवर उभा राहील, आणि आजूबाजूच्या वाड्यांनी त्याच्यावरच भागवायचं, हे आपलं वास्तव. भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघात धरून लावलं की ६ किलोमीटर अंतराचीही चाचणी हवी, आणि २०१७ मध्ये ती मान्य झाली. म्हणजे एका टॉवरला सुमारे बारापट क्षेत्र. हैदराबाद आणि मद्रासच्या आयआयटीतल्या मंडळींनी त्यासाठी लहरीच्या आकारावर मोठं काम केलं. आमच्यासारखे अनेक जण आपापल्या जागी त्याच प्रश्नाला भिडलेले होते. माझा वाटा खारीचा, आणि खारही लहानशीच.

पण फार मोठं काही केलं असं समजू नका. फोनची ताकद दुप्पट केली, तरी झाडाझुडपांच्या मुलुखात अंतर वाढतं ते जेमतेम वीस टक्के. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी खट्टू झाले होते. मग नकाशा काढून मोजलं. आमच्या घरापासून टॉवर चार किलोमीटर, म्हणजे वीस टक्के झाले आठशे मीटर. आणि देवळाचा माळ टॉवरच्या बाजूला घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. माळाच्या उंचीचाही त्या रात्री हात असणार, ते मी या हिशेबात धरलेलं नाही.

आबा २०२१ मध्ये गेले. आता शेजारच्या गावात टॉवर झाला आहे. आई चुलीपुढे बसून मला फोन करते आणि भाजीत मीठ जास्त झालं तर काय करू, हे मला विचारते, जसं काही मला ते माहीत आहे. वीज जाऊन फार वेळ झाला की टॉवरची बॅटरी संपते आणि तिचा फोन मुका होतो. सध्या त्याच्या मागे आहे : कमी विजेवर टॉवर जास्त तास कसा जागा ठेवायचा.

सर घड्याळाकडे बघतायत, पस्तीस वर्षांपूर्वी बघायचे तसेच. पानं मांडून झाली आहेत असंही खुणावतायत. थांबते. ज्यांचे फोन हँग होतात त्यांनी जेवणानंतर माझ्या मुलाला गाठावं, त्याला येतं.