कॉम्प्युटर नवा, मग हळू का?



आज कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे. "आमच्या गटाकडे कुठला आलाय कॉम्प्युटर," असं म्हणून रेडिओ बंद करू नका. आज नाही तर उद्या तो ग्रामसंघाच्या कार्यालयात येईल, नाहीतर मुलांच्या अभ्यासासाठी घरात येईल. येईल तो आपल्याच बचतीच्या पैशांतून. म्हणून त्याची थोडी माहिती आपल्यालाच हवी.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. टिटवाळ्याच्या पुढे एका गावात आमचा ग्रामसंघ आहे. बायांनी पै-पै जमवून कल्याणच्या एका दुकानातून डेस्कटॉप कॉम्प्युटर घेतला. हळदकुंकू लावून, नारळ फोडून टेबलावर ठेवला. गटातल्याच एका मुलीला लेखापाल नेमलं. बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, कामाला चोख. पहिला महिना छान गेला. तिसऱ्या महिन्यात फाइल उघडायची म्हटलं तर चहा उकळून कप भरेपर्यंत थांबावं लागायचं. बँकेत कर्जासाठी द्यायचे जमाखर्चाचे कागद त्यात अडकले.

सभेत बोलणं सुरू झालं. "नवं मशीन असं कसं बिघडेल? ही पोरगी त्याच्यावर पिक्चर बघत असणार." पोरगी रडायला लागली. काम सोडते म्हणाली. कोणीतरी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो फोनवरूनच म्हणाला, "फॉरमॅट मारावं लागेल, दीड हजार होतील." सगळ्या तयार झाल्या.

मी तिथे होते. मी एवढंच विचारलं, "फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून टाकणं. मग तीन महिन्यांचा हिशोब कुठे राहील?" सगळ्या गप्प. पेनड्राइव्हवर एकही प्रत काढलेली नव्हती.

मैत्रिणींनो, पंचसूत्रीत नियमित हिशोब लेखन आहे ना? ते वहीत ठेवा की कॉम्प्युटरवर ठेवा, नियम तोच. म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाही. पहिलं काम म्हणजे सगळ्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवून घेणं. तो पेनड्राइव्ह कार्यालयात नको, दुसरीकडे ठेवा. आम्ही त्या दिवशी आधी तेच केलं.

मग मी आणि ती मुलगी मशीनसमोर बसलो. आपण बँकेचं पासबुक भरून आणलं की ओळ न् ओळ बघतो. कुठे पैसे कापले, का कापले, विचारतो. कॉम्प्युटरचंही तसंच करायचं.

सुरुवात रीस्टार्टने करा. रोज आपण शट डाउन करतो. पण विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून आतला काही भाग जपून ठेवतो. रीस्टार्ट केलं की सगळं नव्याने सुरू होतं. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. मशीन अगदीच नवं असेल तर पहिले काही दिवस तो इंटरनेटवरून अपडेट उतरवत असतो, तेव्हाही हळू चालतो. त्याला एक दिवस चालू ठेवून काम पुरं करू द्या.

तरी फरक पडला नाही तर कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. हेच मशीनचं पासबुक. सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने दिसतात, वर एकूण वापर टक्क्यांत आणि खाली कोण किती खातंय ते लिहिलेलं असतं. आमच्याकडे मेमरी नव्वदच्या वर होती, आणि हिशोबाची फाइल तर अजून उघडलीही नव्हती!

मग त्यातच स्टार्टअप अॅप्स बघितलं. मशीन चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची ही यादी. निम्मे तर आम्हाला लागतच नव्हते. ज्याची ओळख पटते आणि गरज नाही, त्यावर उजवं क्लिक करून डिसेबल करा. त्याने प्रोग्रॅम पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. ज्याचं नाव कळत नाही, त्याला हात लावू नका.

तिथे दोन अँटिव्हायरसही सापडले. एक मशीनबरोबर आलेला, महिनाभर फुकटचा. दुसरा कोणाच्या तरी सांगण्यावरून टाकलेला. एका दारावर दोन राखणदार ठेवले की ते एकमेकांनाच अडवतात. विंडोजमध्ये स्वतःचं संरक्षण असतंच. आम्ही जास्तीचे काढून टाकले.

तिसरी गोष्ट जागेची. सी ड्राइव्ह गच्च भरला की मशीन धापा टाकतं. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग स्टोरेज, मग टेम्पररी फाइल्स इथून कचरा काढता येतो. पण सांभाळा. त्या यादीत डाउनलोड्सचीही एक चौकट असते. तिच्यावर खूण राहिली तर उतरवून ठेवलेले बँकेचे, योजनेचे कागदही पुसले जातात. ती खूण आधी काढा.

आता चौथी गोष्ट, हिला आम्ही सगळ्याच हसलो. धूळ बसू नये म्हणून एका ताईंनी सीपीयूच्या पेटीवर छान विणलेला रुमाल घातला होता, आणि पेटी भिंतीला चिकटवून ठेवली होती. आतला पंखा गरम हवा बाहेर टाकतो ती वाटच बंद! पेटी तापली की मशीन स्वतःला जपायला मुद्दाम वेग कमी करतं. रुमाल काम संपून मशीन थंड झाल्यावर घाला. पेटी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. बाहेरच्या जाळीवरची धूळ प्लग काढून कोरड्या ब्रशने झटका. वॉरंटी असेपर्यंत पेटी उघडू नका.

एवढं करून वेग सुधारला, पण पुरता नाही. तेव्हा ती मुलगीच म्हणाली, "ताई, बिल बघूया का?" बिलावर रॅम ८ जीबी लिहिली होती. सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग अबाउट उघडलं. तिथे ४ जीबी! विंडोज ११ ला निदान ४ जीबी लागतेच. म्हणजे मशीन नुसतं उभं राहण्यातच सगळी ताकद संपत होती.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षताई, सचिवताई आणि ती मुलगी लोकलने कल्याणला गेल्या. दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या कामाला तेवढं पुरतं." अध्यक्षताईंनी बिल टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आम्ही पैसे आठचे दिले आहेत." आठवड्याभरात रॅम बसवून मिळाली. त्याने दाद दिली नसती तर ग्राहकांसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, तिथे तक्रार करता येते. पण हातात पक्कं बिल हवं. चार पैसे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर मशीन घेऊ नका. घेतल्या दिवशीच दुकानात उभ्या उभ्या अबाउट उघडून बिलाशी ताडून बघा. डिस्क एसएसडी आहे की जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क, तेही विचारा. एसएसडीवर मशीन बरंच चपळ चालतं.

आणखी एक सावधगिरी. काम करताना पडद्यावर लाल खिडकी येते, "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा." फोन करू नका. ती फसवणूक असते. ते आपलं मशीन लांबून हातात घेतात, ओटीपी विचारतात, खातं रिकामं करतात. खिडकी बंद होत नसेल तर मशीन रीस्टार्ट करा. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल नेम नाही. अचानक वीज गेली की उघडी फाइल बिघडू शकते. जमल्यास यूपीएस घ्या. तोवर दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस दाबून काम सेव्ह करण्याची सवय लावा.

ती मुलगी काम सोडून गेली नाही. बँकेचे कागद तिनेच पुरे केले. पुढच्या सभेत अध्यक्षताईंनी इतिवृत्तात लिहायला लावलं, "कॉम्प्युटर हळू होण्यात लेखापालचा दोष नव्हता." सगळ्यांनी खाली सह्या केल्या. मला ते फार आवडलं. आपल्यातल्या एकीवर सभेत ठपका ठेवला, तर तो सभेतच पुसायला हवा.

तर मैत्रिणींनो, मशीन अडलं तर आधी प्रत काढा, मग पासबुक वाचा, मग बिल बघा. दुरुस्तीवाल्याला त्यानंतर बोलवा. आणि पोरीला बोल लावायच्या आधी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसा.

पुन्हा भेटू. नमस्कार.