गावचे पाषाण आणि शाळेचा इतिहासपाठ



चौथीच्या वर्गातील मुलास रायगड कोठे आहे असे विचारले, तर तो तत्काळ उत्तर देतो. मात्र शाळेच्या वाटेवर शेंदूर लावून उभा केलेला दगड कोणाचा, असे विचारले तर तो गप्प राहतो. आणि पुष्कळदा त्याचे गुरुजीही गप्पच राहतात. वस्तुतः इतिहासाचा पहिला धडा त्या दगडापासून सुरू व्हावयास हवा.

अंबाजोगाईच्या पूर्वेस वसलेल्या धर्मापुरीचेच उदाहरण घ्यावे. तेथील केदारेश्वराचे मंदिर कल्याणीचा चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळातील मानले जाते. हा राजा इ. स. १०७६ मध्ये गादीवर आला व ११२६ पर्यंत त्याने राज्य केले. कवी बिल्हण आणि ‘मिताक्षरा’कार विज्ञानेश्वर हे त्याच्याच दरबारचे. परंतु गावोगाव अशा प्रत्येक मंदिरास ‘हेमाडपंती’ म्हणण्याची रूढी पडली आहे. हेमाडपंत हा महादेव व रामचंद्र या देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री. तो तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील. म्हणजे ज्या मंदिराचे श्रेय त्याला दिले जाते, त्याच्या भिंतींवरील सुरसुंदरी त्याच्या जन्मापूर्वीच कोरून झाल्या असतील! एवढी एक दुरुस्ती जरी वर्गात झाली, तरी शतक म्हणजे काय हे मुलांस कायमचे समजते.

विक्रमादित्याने शकगणना बाजूस सारून स्वतःच्या राज्यारोहणापासून नवी कालगणना सुरू केली. लेखात ‘चालुक्य विक्रम वर्ष ४०’ असे असेल, तर त्यात १०७५ मिळवावे, इ. स. १११५ येते. शक असेल तर ७८ मिळवावे. गणिताच्या तासाला यापेक्षा जिवंत उदाहरण कोणते?

आता चिंतेची बाजू. वाळवंटी प्रदेशात वाळू पुष्कळ अवशेष झाकून जपते. बीड जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील अवर्षणप्रवण मुलूख. पण येथे तशी वाळू नाही. येथे दगड उघड्यावर असतो आणि घडीव दगडाची गरज सर्वांस असते. पूर्वीही हेच घडले. धर्मापुरीच्या किल्ल्याच्या तटात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. तटात गेलेला दगड निदान टिकला. जोत्यात उलटा बसविलेला, कपडे धुण्यासाठी नेलेला किंवा तैलरंगाने रंगविलेला लेख मात्र वाचकास कायमचा मुकतो. सर्वांत वाईट म्हणजे, न कळणारी लिपी दिसली की ते गुप्तधनाचे बीजक आहे, अशी आवई उठते. रात्री कुदळी चालतात आणि सकाळी शिळा फुटलेली आढळते. खरे पाहता अशा लेखांत बहुधा जमिनीचे दान, देवाच्या दिव्याला लावून दिलेले तेल, दान मोडणाऱ्यास शाप, असा मजकूर असतो. या भागातील जुन्या लेखांची लिपी व भाषा अनेकदा कानडी असते, म्हणूनच ती ओळखू येत नाही. हे गावास पटवून सांगू शकेल असा माणूस गावात बहुधा एकच असतो: शिक्षक.

दगड वाचता आला नाही तरी पाहता येतो. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये योद्ध्यास वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, असा दगड म्हणजे वीरगळ. काटकोनात वळलेला, बांगड्या ल्यालेला हात असेल तर ती सतीशिळा. तळाशी गाढवाचे चित्र असेल तर तो गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला घातलेल्या शापाचे ते चिन्ह. चंद्रसूर्य असेतो दान वा कीर्ती टिकावी, एवढाच त्या चिन्हांचा अर्थ. मुले हे एकदा सांगितले की विसरत नाहीत. उलट शेताच्या बांधावरून नव्या खबरा आणतात.

अशी खबर आली, की शिक्षकाने दगड घासू नये, अक्षरांत खडू भरू नये, जागचा हलवू तर मुळीच नये. सकाळच्या तिरप्या उन्हात छायाचित्र घ्यावे. त्या वेळी झिजलेली अक्षरेही उठून दिसतात. लांबी, रुंदी, शेताचा गट क्रमांक व लोक त्यास काय म्हणतात, हे टिपावे आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. नांगराला जुनी नाणी लागली, तर १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यान्वये, दहा रुपयांहून अधिक मोलाची असल्यास, ती जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे; हे पालकांस आधीच सांगून ठेवलेले बरे.

संरक्षित स्मारकाच्या दाराशी बहुधा एक फलक असतो. त्यावर कायद्याचे कलम असते, शिक्षा असते. स्मारक कोणाचे व केव्हाचे हे क्वचितच असते. तो फलक बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. शाळेच्या भिंतीवरील फळा मात्र त्याच्या हाती आहे. आठवड्यातून एकदा त्यावर गावातील एका दगडाचे नाव, जागा, माप आणि मुलाने काढलेले चित्र यावे. चित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी.