मांजराचं मन



गाईम्हशींच्या चाऱ्याविषयी, बैलांच्या खुरांविषयी तुम्ही पुष्कळ ऐकलेलं असेल. आजचा विषय त्यामानानं हलका वाटेल. आज बोलायचं आहे मांजराविषयी. दूध देत नाही, नांगर ओढत नाही, म्हणून त्याची विचारपूस कोणी करीत नाही. पण कणगीतले दाणे शाबूत राहतात ते पुष्कळसे त्याच्याच जिवावर, हे घरातली आजी तुम्हांला सांगेल. आणि ही सोबत आजची नव्हे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. त्यात माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर मांजराचा सांगाडा होता. ही माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. माणूस धान्य साठवू लागला, तसे उंदीर आले, आणि उंदरांच्या मागोमाग रानमांजर उंबऱ्याशी आलं.

उंबऱ्याशी आलं खरं, पण स्वभाव बदलला नाही. ते शिकार करतं एकट्यानं, आणि मोठ्या जनावरांची भीती त्याला जन्मजात. म्हणून आपलं दुखणंखुपणं ते दाखवीत नाही, लपवतं. इथंच आपली फसगत होते.

माझ्या लहानपणची गोष्ट सांगतो. आमच्याकडे एक पिवळा बोका होता. बहिणीचं लग्न ठरलं, घर पाहुण्यांनी भरलं. मांडव पडला. बोका ज्या माळ्यावर निजायचा तिथं भांडीकुंडी नि बोचकी रचली गेली. चार दिवसांनी तो नको तिथं मुतू लागला. कधी गोधडीवर, कधी चुलीपुढं. थेंबभरच व्हायचं, पण बसल्या जागी ओरडायचा. 'माजलाय मेला,' असा निकाल लागला. वडिलांनी त्याला पोत्यात घालून नदीपलीकडं सोडलं. तो परत आला नाही.

पुष्कळ वर्षांनी एका जनावरांच्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात तेव्हा काही नवीन घडलं होतं का?" मी लग्नाचं सांगितलं. ते म्हणाले, "मग तो माजला नव्हता हो, त्याला कळ लागत होती." धास्तीनं मांजराच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते. त्यातून बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबला तर दोनतीन दिवसांत जनावर दगावतं. तेव्हा बोका पुनःपुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, आणि लघवी होत नाही, असं दिसलं तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता, मांजर सुखात आहे हे ओळखायचं कसं? शेपटी बघा. काठीसारखी उभी, शेंडा जरासा वाकलेला, असं ते तुमच्याकडं आलं, तर समजा की स्वारी खुशीत आहे. पायाला गाल घासतं ते नुसतं लाडानं नव्हे. त्याच्या गालाशी वासाच्या ग्रंथी असतात. 'हे आपलं' अशी खूण ते करून ठेवतं. डोळे सावकाश मिटून उघडतं, तेही स्वस्थपणाचं लक्षण. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० साली दाखवलं, की माणसानं तसेच डोळे मिचकावले तर मांजरही तसंच उत्तर देतं, आणि अनोळखी माणसाजवळ यायलाही ते अधिक तयार होतं. करून बघा, पैसा लागत नाही. मात्र घुरघुरण्यावर फार विसंबू नका. सुखात घुरघुरतं तसंच वेदनेतही घुरघुरतं.

धास्तावलेलं मांजर वेगळं दिसतं. कान मागं चपटे, अंग आखडलेलं, उजेड असूनही डोळ्यातल्या बाहुल्या मोठ्या. शेपटी अंगाशी गुंडाळलेली, नाहीतर सारखी आपटणारी. एकच जागा चाटून चाटून केस काढलेले. अन्न टाकून कोपऱ्यात बसलेलं. मुलं म्हणतात, 'मांजर रुसलंय.' दोन दिवस काही खाल्लं नाही तर ते रुसणं नव्हे, दुखणं आहे.

कशानं धास्तावतं? जागा बदलली, वास बदलला, घरात दुसरं मांजर आलं, दिवाळीचे फटाके वाजले. फटाके वाजताना ते माळ्यावर दडलं तर ओढून काढू नका. लपणं हेच त्याचं औषध. हॉलंडमधल्या उट्रेख्ट इथं २०१४ साली असं आढळलं, की आश्रयगृहात नव्यानं आलेल्या मांजरांपैकी ज्यांना लपायला खोकं दिलं, ती लौकर स्थिरावली. आपल्याकडं खोकं नसलं तर पालथी पाटी चालेल, आत गोणपाट टाका, बाजूला वाट ठेवा. घर बदललंत तर आठवडाभर एकाच खोलीत त्याचं जुनं अंथरूण घालून ठेवा. दोन मांजरं असतील तर दोन थाळ्या, त्याही लांब लांब. खांबाला नखं घासतं म्हणून मारू नका. एका खुंटाला सुतळी गुंडाळून द्या. आणि दूध बेतानं. पुष्कळशा मोठ्या मांजरांना ते पचत नाही, पोट बिघडतं.

मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते, असं आपण म्हणतो. सात हा आकडा आपला. फिरवते ते मात्र खरं. जागा सुरक्षित वाटेनाशी झाली की ती पिल्लू मानेला धरून हलवते. आणि जागा बिघडवतो कोण? आपलीच पोरं, दर तासाला डोकावून. गुरुजी, बाई, हे तुम्ही वर्गात सांगा. दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसाच्या हाताला सरावतं. त्या दिवसांत रोज थोडा वेळ, हळुवार हातानं घ्यायला हरकत नाही. पण दोन महिन्यांच्या आत ते आईपासून तोडू नये. मुलांना एक वही करायला लावा: आज कान कसे होते, शेपटी कशी होती, कुठं निजलं, किती खाल्लं. महिनाभरात मुलं मोठ्यांपेक्षा अधिक ओळखू लागतील.

एवढं सांगूनही एखादं पोर ओरबाडून घेईलच. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर हळद दाबून बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि लगेच आरोग्यकेंद्रात जा. पिसाळण्याचा रोग मांजराकडूनही होतो. लस वेळेवर घेतली तर तो टळतो.