वीजकामाचा रास्त मोबदला
(दिग्रस येथील ज्ञातिमेळाव्यातील भाषण)

आपले स्वतंत्र वीजकारागीर बहुधा शेजाऱ्याचा दर ऐकून आपला दर ठरवितात. ही रीत घातक होय. समजा, प्रपंचास महिना २०,००० रुपये लागतात. हत्यारे, पेट्रोल व परवाना यांस ४,०००. प्रत्यक्ष काम मिळते २० दिवस. तेव्हा दिवसास १,२०० रुपयांहून कमी घेणे म्हणजे पदरचे घालणेच होय. दिवसात किती पॉइंट होतात ते पाहून पॉइंटचा दर काढावा. सामानाचे बिल निराळे ठेवावे. मजुरी तुटली की काटकसर अर्थिंगवर येते, आणि मग गाठ जिवाशी पडते. म्हणून ज्ञातीच्या नात्याने कोणी फुकट काम मागू नये. रास्त मजुरी द्यावी, ही नम्र विनंती.