दप्तरात नसलेली माणसे : अमेरिकन लोकगीते आणि सामाजिक इतिहास



लोकगीताकडे आपण बहुधा भाषेचा ठेवा म्हणून पाहतो. आज मी त्याच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहणार आहे आणि उदाहरणे अमेरिकेची घेणार आहे. त्या देशात गीतांबरोबरच ती गोळा करणाऱ्यांचाही बराच अभ्यास झाला आहे. त्यामुळे या साधनाचे बळ आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही तिथे स्पष्ट दिसतात.

सुरुवात एका इशाऱ्याने करू. फ्रेडरिक डग्लस हे मेरीलँडमधील गुलामगिरीतून निसटलेले विचारवंत. त्यांचे आत्मकथन १८४५ साली प्रसिद्ध झाले. उत्तरेकडील काही लोक गुलामांचे गाणे हा त्यांच्या सुखाचा पुरावा मानत, याचे डग्लस यांना मोठे आश्चर्य वाटे. गुलाम सर्वांत जास्त गातो तो सर्वांत दुःखी असताना, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे गाणे कानावर पडले एवढ्याने ते कळले असे होत नाही. कोण गाते आहे, कोणासमोर आणि कोणत्या अवस्थेत, हे ठाऊक नसेल तर तेच गाणे उलटी साक्ष देते.

आता एक गीत थोडे सविस्तर पाहू. ‘जॉन हेन्री’ हे अमेरिकेतील अतिशय प्रसिद्ध लोकगीत. त्याची कथा सोपी आहे. रेल्वेचा बोगदा खणला जात आहे. कृष्णवर्णीय मजूर जॉन हेन्री घण घालून खडकात सुरुंगाची भोके पाडतो. मालक वाफेवर चालणारे यंत्र आणतो. माणूस आणि यंत्र यांची शर्यत लागते. माणूस जिंकतो आणि हातात घण असतानाच मरतो.

हा माणूस खरोखर होता का? १९२९ साली गाय जॉन्सन यांनी आणि १९३३ साली लुई चॅपेल यांनी याचा शोध घेतला. दोघांचे लक्ष वेस्ट व्हर्जिनियातील बिग बेंड बोगद्यावर होते. चेसापीक अँड ओहायो रेल्वेने तो १८७० नंतरच्या दोन-तीन वर्षांत खणला. पुढे २००६ साली स्कॉट नेल्सन या इतिहासकाराने वेगळे मत मांडले. व्हर्जिनियाच्या तुरुंगाच्या नोंदवहीत त्यांना जॉन विल्यम हेन्री नावाचा कैदी सापडला. न्यू जर्सीचा, वय अवघे एकोणीस, उंची जेमतेम पाच फूट एक इंच. चोरीच्या गुन्ह्यासाठी दहा वर्षांची शिक्षा झालेल्या या मुलाला इतर कैद्यांबरोबर रेल्वेच्या कामावर भाड्याने दिले गेले. नेल्सन यांच्या मते शर्यतीची जागा लुईस बोगदा ही होय, कारण कैदी आणि वाफेची यंत्रे तिथे शेजारी शेजारी काम करीत होती. गाण्यातला पुरुष धिप्पाड आहे, नोंदवहीतला मुलगा ठेंगणा. जॉन गार्स्ट या अभ्यासकाला हेही मान्य नाही. त्यांच्या मते ही घटना १८८७ साली अलाबामात घडली.

व्यक्ती नेमकी कोण, हा वाद मिटलेला नाही. पण सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने गीताचे मोल त्या निकालावर अवलंबून नाही. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला तिने वाट ठेवली. दक्षिणेतील राज्यांनी ती वाट रुंद केली. भटकेपणासारख्या किरकोळ आरोपांवरून कृष्णवर्णीयांना पकडायचे आणि रेल्वे, खाणी, मळे यांना भाड्याने द्यायचे, अशी पद्धत रूढ झाली. बोगद्यातील खडकाची धूळ फुप्फुसात साचून माणसे मरत. कंपनीच्या हिशेबात खर्च सापडतो, कामाची मोजणी सापडते. त्या धुळीत उभा राहणारा माणूस स्वतःच्या श्रमाबद्दल काय समजत होता, हे त्या हिशेबात सापडत नाही. ते गाण्यात आहे.

तेही एकाच सुरात नाही. श्वेतवर्णीय डोंगरी गायकांनी बँजोवर गायलेल्या द्रुत चालीच्या रूपांत जॉन हेन्री हा यंत्राला हरवणारा वीर आहे. कृष्णवर्णीय मजुरांच्या संथ, घणाच्या ठेक्यावरच्या गाण्यांत मात्र सूर बदलतो. तिथला गायक वीराचे गुणगान करण्यापेक्षा, ज्या घणाने त्याचा जीव घेतला तो मी खाली ठेवून निघालो, अशा अर्थाचे काही सांगतो. पहिले रूप पराक्रम सांगते, दुसरे सावधगिरी. एकच पाठ ‘प्रमाण’ ठरवला असता, तर हा फरक कायमचा हरवला असता.

इथे संकलकाचा प्रश्न येतो. सेसिल शार्प हे इंग्रज संगीततज्ज्ञ १९१६ ते १९१८ या काळात मॉड कार्पेलिस यांच्यासह अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात हिंडले. त्यांचे काम अमोल आहे. पण ते शोधायला गेले होते जुनी इंग्रजी गाणी. धार्मिक गीते, बँजोवरची गाणी, कृष्णवर्णीय गायक यांच्याकडे त्यांचे फारसे लक्ष गेले नाही. परिणामी हा डोंगरी समाज म्हणजे निखळ इंग्रज वारसा, असे चित्र रूढ व्हायला मदत झाली. वस्तुतः त्या डोंगरात घुमणारा बँजो आफ्रिकी वंशाच्या लोकांबरोबर अमेरिकेत आला होता.

जॉन लोमॅक्स आणि त्यांचा तरुण मुलगा अ‍ॅलन १९३३ साली ध्वनिमुद्रण यंत्र मोटारीतून घेऊन दक्षिणेतील तुरुंगांत गेले. बाहेरच्या जगापासून तुटलेल्या कैद्यांत जुनी गाणी टिकून असतील, ही त्यांची अटकळ. लुईझियानातील अंगोला तुरुंगात त्यांना हडी लेडबेटर हा थोर गायक भेटला. तो पुढे लेडबेली म्हणून ओळखला गेला. लोमॅक्स जुने जग शोधायला गेले. त्यांच्या तबकड्यांवर उतरले ते मात्र त्या काळचे तुरुंग, कुऱ्हाडी-कुदळीचा ठेका, पहारेकऱ्याची भीती. गायकाचे नाव, ठिकाण आणि तारीख नोंदलेली असल्यामुळेच आज आपण हे म्हणू शकतो.

मित्रहो, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी भाषकांना या प्रश्नाची धग अधिक जाणवायला हवी. हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आणि त्यांच्या प्रकल्पात ओवी गाणाऱ्या बाईचे नाव व गाव यांना स्थान मिळाले. ही वाट आपल्याकडे घालून दिलेली आहे. आपल्या बेळगावकडची एखादी आजी ओवीत सहज कानडी शब्द घालते, गोव्यात कोकणी, हैदराबादेत उर्दू. तो शब्द ‘अशुद्ध’ म्हणून आपण गाळला, तर शार्प यांचीच चूक आपण पुन्हा करू. त्या शब्दातच तिचे शेजारी, तिचा बाजार, तिचे सासर-माहेर नोंदलेले असते.

म्हणून अकादमीपुढे एकच सूचना ठेवतो. यापुढे आपण जे गीत छापू, त्याबरोबर गाणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने, गाव, काम, प्रसंग आणि मिळालेली सर्व पाठांतरे छापावीत. भाषा जशी कानावर पडली तशीच ठेवावी. आपण काय जपले आणि काय गाळले, हे पुढच्या पिढीला तपासता आले पाहिजे.