वैद्यकाची वाट आठवीतून जाते



वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रवेशयादीत आदिवासी पाड्यावरचे अथवा भटक्यांच्या पालावरचे एखादे नाव आढळले, की आपण त्या मुलाचा सत्कार करतो आणि त्याच्या चिकाटीची वर्णने छापतो. परंतु त्याच्याच वर्गातील, त्याच्याइतकीच तल्लख मुले कोठे गळाली, याची चौकशी सहसा करीत नाही. माझी अशी धारणा आहे की बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेला बसण्यापूर्वीच, आठवी ते अकरावी या वर्षांत, ही मुले वाटेतून नाहीशी झालेली असतात, आणि साहाय्य पोहोचायचे तर ते तेथे पोहोचले पाहिजे.

या बाबतीत आपल्याच प्रांतात झालेला एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाखाली १९७४ साली मुंबईत, नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा आरंभ झाला, आणि पुढे पदार्थवैज्ञानिक वि. गो. कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांनी महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींचे विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या कित्येक वर्षे आधी हेरून त्यांना सातत्याने मार्गदर्शन केले. मुलांची बुद्धी उणी नव्हती. पाठ्यपुस्तकाची भाषा त्यांच्या घरच्या भाषेपासून दूर होती आणि उपकरण हाताळण्याची संधी त्यांना कधी लाभलीच नव्हती. हे दोन अडथळे दूर होताच त्यांच्या यशात जो पालट दिसला, तो गुणवत्तेविषयीच्या आपल्या रूढ समजुतींना हादरा देणारा होता.

अकरावीत तर भाषेचा प्रश्न अधिकच बिकट होतो. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलगी विज्ञानशाखा घेते, त्याच वर्षी विषयांचा भार दुणावतो आणि माध्यमही बहुतेक ठिकाणी इंग्रजी होते. जे तिला उत्तम उमगले होते तेही अनोळखी वाटू लागते, वर्गात शंका विचारण्याचे धैर्य खचते, आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मिळत असली तरी तेथवर पोहोचण्याआधीच ती दुसऱ्या शाखेकडे वळते.

केवळ राखीव जागांनी हे अडथळे दूर होत नाहीत. कोल्हापुरास शाहू महाराजांनी १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, पण तेवढ्यावर न थांबता निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांनाही आश्रय दिला. राखीव जागेपर्यंत चालत येण्याचे बळ कोणीतरी पुरवावे लागते, हे त्या राजाने ओळखले होते. आज तर जागा असूनही ती कागदाअभावी जाते. जात पडताळणीसाठी अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याकडून ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या पणजोबाच्या नावे ना जमीन होती, ना शाळेच्या दप्तरात नोंद, त्याने तो आणावा कोठून? कोतवाल बुकाची नक्कल, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीतील उतारा, नात्यातील एखाद्याचे वैधता प्रमाणपत्र, हे सारे शोधण्यास महिने लागतात, आणि प्रवेशाची मुदत मात्र दिवसांची असते. मजुरी बुडवून तहसील कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या बापाचे हाल पाहिले म्हणजे मन विषण्ण होते.

म्हणून या सभागृहातील डॉक्टर, प्राध्यापक आणि निवृत्त महसूल अधिकारी यांना माझी विनंती आहे की आपापल्या तालुक्यातील एकेक शाळा त्यांनी निवडावी. डॉक्टरांनी आठवीच्या मुलांना सूक्ष्मदर्शक हाताळू द्यावा, प्राध्यापकांनी दहावीनंतरच्या सुटीत शास्त्राची इंग्रजी परिभाषा समजावून द्यावी, आणि ज्यांना दप्तराची माहिती आहे त्यांनी जातीच्या दाखल्याचे अर्ज येत्या जून महिन्यातच दाखल करवून घ्यावेत.